ऊसतोडीच्या फोटोंचे प्रिंट विकावेत का, आणि विकायचे तर कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांचे फोटो मी काही हंगाम काढतोय. निवडक फोटोंचे प्रिंट विकून पैसे त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी द्यावेत असं मनात आहे. मित्र म्हणतात, गरिबी विकू नकोस. एका गॅलरीवाल्यांचं म्हणणं, फोटो उत्तम आहेत, पण घरात लावण्यासारखे नाहीत. मग ते थोडे कलात्मक करू का? किंमत किती ठेवू? का हा नादच सोडून देऊ?’

सोडू नका. पण तुमच्या मित्रांचा आक्षेप आणि गॅलरीवाल्यांचा शेरा, दोन्ही एकाच जागी येऊन ठेपतात. तुम्ही एका फोटोकडून दोन कामांची अपेक्षा करताय. एक काम साक्षीचं: हे असं घडतंय, इथे घडतंय, बघा. दुसरं काम भिंतीवरचं: कुणीतरी रोज सकाळी चहा पिताना त्याकडे बघेल आणि दहा वर्षांनीही बघत राहील. दोन्ही कामं करणारा फोटो क्वचित निघतो. बाकीच्यांची वाटणी करावी लागते आणि ती विक्रीच्या आधी करावी लागते.

अमेरिकन फोटोग्राफर लुइस हाइनचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी त्यांनी १९०८पासून कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने इथे राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. ते फोटो पोस्टरवर गेले, पत्रकांत गेले, भाषणांच्या वेळी पडद्यावर दाखवले गेले. कुणाच्या दिवाणखान्यासाठी ते काढलेलेच नव्हते. मुलाचं वय, गिरणीचं नाव, पाळीची वेळ हे हाइन टिपून ठेवत, कारण त्याशिवाय फोटोला पुरावा म्हणून वजन नव्हतं. तुमच्याकडेही असे फोटो असणार: हातावरची कोयत्याची जखम, उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या हिशोबाची वही, कोपीत (कामगारांच्या खोपटात) भिजलेलं धान्य. ते संस्थांना द्या, पत्रकारांना द्या, त्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाच्या मागणीच्या निवेदनाला जोडा. विक्रीच्या गठ्ठ्यात घालू नका.

पत्रकार पी. साईनाथ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या कामाचे फोटो १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढले आणि त्यांचं प्रदर्शन फिरवलं. ते शहरांतल्या दालनांपुरतं राहिलं नाही, ज्यांचे फोटो होते त्या शेतमजूर बायकांसारख्याच बायकांसमोरही गेलं. फोटोशेजारी भरपूर मजकूर होता आणि तो वाचायचाच होता. साक्षीच्या फोटोचं घर असं असतं.

आता ‘कलात्मक’बद्दल. या शब्दाने बऱ्याच जणांचं नुकसान केलंय. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा एवढाच होतो की रंग काढून टाका, कॉन्ट्रास्ट वाढवा, आकाश काळं करा, सुरकुत्या खोल करा. ऊसतोडीच्या बाबतीत हे मला मुळातच चुकीचं वाटतं, कारण त्या जगात रंग बरंच काही सांगतात. कोपीवर टाकलेला निळा किंवा पिवळा प्लास्टिकचा कागद, उसाचा ओला हिरवा, पाचटाचा फिका पिवळा, साडीवर पुरुषी फुल शर्ट घातलेल्या बायका, रात्री ऊस भरण्याच्या वेळी ट्रॅक्टरच्या दिव्यात उडणारी धूळ. हे सगळं करड्या छटांत घातलं, की १९३० सालच्या कुठल्याही देशातल्या मजुरासारखं दिसायला लागतं. दुःख प्राचीन, सनातन वगैरे वाटतं आणि मुकादम (टोळी जमवणारा कंत्राटदार), कारखाना, टनामागचा दर हे सगळं फ्रेमबाहेर जातं. कृष्णधवलला माझा विरोध नाही. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं काम कृष्णधवल आहे आणि ते तसंच हवं. गटारात उतरलेल्या माणसाच्या अंगावरचा चिखल आणि त्याची कातडी यांतला फरकच उरत नाही, हे तिथे रंगाविना जास्त बोचतं. म्हणजे निर्णय विषयातून आला पाहिजे. ‘गंभीर दिसतं’ एवढ्यावर नको.

सौंदर्याचा आरोप तर जुना आहे. ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तिआव सालगादो यांनी १९८६ साली ब्राझीलमधल्या सेरा पेलादा या सोन्याच्या खाणीत काढलेले फोटो तुम्ही पाहिले असतील: चिखलात माखलेली हजारो माणसं, शिड्या, पाठीवर पोती. १९९१ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये समीक्षक इन्ग्रिड सिशी यांनी त्यांच्यावर टीका केली, की यातना इतक्या देखण्या करून मांडल्या की बघणारा फोटोचं कौतुक करतो आणि तिथेच थांबतो. ही टीका मला अर्धीच पटते. देखणेपणामुळे माणूस थांबून बघतो, हे खरं आहे. पण ती फ्रेम माणसाला नुसता आकार करून टाकते का, हा प्रश्न उरतोच. माझी चाचणी साधी आहे. फोटोतल्या माणसाला काम येतं, हे फोटोत दिसतं का? ऊस बुडातून एका घावात तोडणं, वाढे (उसाचे शेंडे) छाटणं, मोळी बांधणं, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं, यात जबरदस्त कसब आहे. चढताना त्या बाईची मान, पायाची बोटं, तोल हे नीट बघा. ती कीव करायची गोष्ट नाही. ‘गरिबी विकू नकोस’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं तर अशा फोटोंनीच देता येईल. ज्या फोटोत फक्त लाचारी आहे तो भिंतीसाठी विकू नका, मग कितीही मागणी असो.

आणि मुलांचे चेहरे विकायचे नाहीत. आईबापांनी होकार दिला तरी नाहीत. फडात (तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात) लहान भावंडाला सांभाळत बसलेल्या मुलीचा फोटो सगळ्यात आधी खपेल, हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. ती वीस वर्षांची होईल तेव्हा कुणा अनोळखी माणसाच्या भिंतीवर ती आठ वर्षांचीच असेल आणि तिला कुणी विचारलेलं नसेल.

आता परवानगी. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमोजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. विसाव्या शतकातल्या सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी तो एक. तो वर्तमानपत्रात आल्यावर सरकारने त्या तळावर धान्य पाठवलं, पण तोवर ते कुटुंब तिथून पुढे निघून गेलं होतं. लँग सरकारी नोकरीत होत्या, त्यामुळे फोटो सार्वजनिक मालकीचा राहिला आणि त्यांना त्याची रॉयल्टी मिळाली नाही. त्या बाईंचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन, हे जगाला १९७८मध्ये कळलं. फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, अशी खंत त्यांनी तेव्हा बोलून दाखवली. १९८३ साली त्या आजारी पडल्या तेव्हा मुलांनी मदतीचं आवाहन केलं आणि लोकांनी ३५,००० डॉलरहून जास्त रक्कम पाठवली. १९९८मध्ये लँग यांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी असलेला त्याच फोटोचा एक प्रिंट सदबीजच्या लिलावात २,४४,५०० डॉलरना गेला. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही. तरीही हा हिशोब वाचून अस्वस्थ वाटतं, कारण फोटोतल्या माणसाचा वाटा किती, हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं.

तुम्ही ते आधी ठरवा. त्यात पहिली अडचण मुकादमाची. फडात फोटो काढायला मुकादमाची परवानगी लागते, पण ती म्हणजे कामगाराचा होकार नव्हे. ज्याच्याकडून उचल घेतलीय त्याच्यासमोर कोण नाही म्हणणार? म्हणून विक्रीसाठीचा होकार फडात घेऊच नका. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. मधल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात त्यांच्या गावी जा. निवडलेल्या फोटोंचे छोटे प्रिंट सोबत न्या, मोबाइलवर दाखवू नका. घरातल्यांसमोर, मुख्यतः बाईला, स्पष्ट सांगा: हा फोटो मोठा छापून विकणार आहे, अमुक किमतीला, पैशांचं असं असं करणार आहे, चालेल का? कागदावर मराठीत चार ओळी लिहा, त्या वाचून दाखवा, आणि ज्यांना सही करायची नसेल त्यांचा होकार त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. नकार आला तर फोटो बाजूला ठेवा, कारण विचारू नका. नकार देता येतो हे एका घराने पाहिलं, की बाकीच्यांचा होकारही खरा होतो.

तिथे आणखी एक गोष्ट घडेल, तयारीत राहा. तुमचा आवडता फोटो बघून ती बाई म्हणेल, ‘हा कसला फोटो, केस विस्कटलेत, लुगडं मळलंय.’ तिला चांगली साडी नेसून, नवऱ्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो हवा असतो. तो काढा. मन लावून काढा, चांगल्या कागदावर छापून द्या. तुमच्या संग्रहात तो बसणार नाही, नसू दे.

पैशांबद्दल माझं मत असं आहे. फोटोत ओळखू येणाऱ्या माणसाला दर प्रिंटमागे ठरावीक रक्कम द्यावी, आणि ती मानधन म्हणून. मानधनाचं फोटो काढण्याआधी सांगू नये, नाहीतर लोक कॅमेऱ्यासाठी काम करायला लागतात. सगळ्यांना दर एकच ठेवावा, फोटो गाजला म्हणून एकीला जास्त असं नको, त्यातून टोळीत भांडणं लागतात. उरलेला हिस्सा सामूहिक कामाला: हंगामी वसतिगृह, आजी-आजोबांकडे मागे राहिलेल्या मुलांची शाळा, वह्या-पुस्तकं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत रीतसर मदत देता येते, पावती मिळते. मुकादमाच्या हातात किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या ‘प्रतिष्ठान’मध्ये रक्कम टाकण्यापेक्षा हे बरं. टक्केवारी सांगताना ‘नफ्याच्या अमुक टक्के’ असं लिहू नका. नफा किती झाला हे फक्त तुम्हाला माहीत असतं. ‘विक्रीच्या किमतीतले इतके रुपये’ असं लिहा.

समजण्यापुरते आकडे घेऊ. प्रिंट ८,००० रुपयांना. त्यातले छपाई आणि कागद १,५००, पॅकिंग आणि कुरिअर ५००, फोटोतल्या माणसाचं मानधन १,०००, वसतिगृहाला २,५००. उरले २,५००, ते तुमचे. हो, तुमचे. सगळंच्या सगळं दान करणारे फोटोग्राफर दुसऱ्या हंगामात दिसत नाहीत. पेट्रोल, लेन्सची दुरुस्ती, घरभाडं कुणाला चुकलंय? हाइनच्या फोटोंनी बालमजुरीविरुद्धच्या लढ्याला बळ दिलं आणि ते स्वतः १९४०मध्ये कंगाल अवस्थेत गेले. मात्र हा हिशोब गॅलरीशिवायचा आहे. गॅलरी साधारण ३० ते ५० टक्के कमिशन घेते. ४० टक्के धरलं तर ८,०००मधले ३,२०० तिथेच गेले, म्हणजे तुमचे २,५०० तर जातातच, वर ७०० रुपये खिशातून. तेव्हा गॅलरीतून विकायचं असेल तर किंमत वेगळी बसवा आणि मग तीच किंमत सगळीकडे ठेवा. तुमच्याकडे स्वस्त आणि गॅलरीत महाग, असं कळलं की गॅलरी पुन्हा दारात उभं करत नाही.

कागद आणि छपाईत काटकसर करू नका. पिग्मेंट शाई आणि आम्लविरहित कॉटन रॅग कागद मागा. हानेमुलेचा फोटो रॅग ३०८ ग्रॅमचा कागद आपल्याकडच्या चांगल्या लॅबमध्ये मिळतो. मॅट कागदावर उसाच्या पानांचा हिरवा थोडा दबतो, म्हणून आधी छोटा नमुना काढून दिवसाच्या उजेडात बघा. २४ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये ६,००० बाय ४,००० पिक्सेल असतात, म्हणजे ३०० पीपीआयने (एका इंचात ३०० पिक्सेल) २० बाय १३ इंच नीट येतो. २०० पीपीआयवर ३० बाय २० इंच जातो, आणि दोन पावलांवरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत काचेला चिकटलेल्या प्रिंटला बुरशी धरते, तेव्हा मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, हे घेणाऱ्याला छापील चिठ्ठीत कळवा.

लिमिटेड एडिशन, म्हणजे ठरलेल्या मोजक्याच प्रती, काढणार असाल तर आकडा आधी ठरवा आणि पाळा. समजा १५ प्रती, त्याही कोणत्या आकाराच्या. खालच्या पांढऱ्या कडेला पेन्सिलीने ३/१५ असा क्रमांक आणि सही, सोबत प्रमाणपत्र. तोच फोटो पुढे दुसऱ्या आकारात छापण्याचा विचार असेल तर आजच लिहून ठेवा. अमेरिकन फोटोग्राफर विल्यम एगल्स्टन यांच्या ३६ फोटोंचे नवे मोठे डिजिटल प्रिंट २०१२ साली क्रिस्टीजच्या लिलावात ५९ लाख डॉलरना विकले गेले. त्यांचे जुने लिमिटेड एडिशन प्रिंट बाळगणाऱ्या एका संग्राहकाने कोर्टात दावा लावला, की माझ्या प्रतींची किंमत पडली. २०१३मध्ये कोर्टाने दावा फेटाळला, कारण आकार आणि छपाईची पद्धत वेगळी होती. म्हणजे कायदा एगल्स्टन यांच्या बाजूने राहिला. पण तुमचे ग्राहक ओळखीपाळखीचे असणार, त्यांच्याशी कोर्टाच्या भाषेत बोलता येत नाही.

ग्राहक कोण, याबद्दल भ्रम नको. सुरुवातीचे प्रिंट मित्र, नातेवाईक, ओळखीचे डॉक्टर आणि आर्किटेक्ट घेतात. नंतर परदेशातली मराठी माणसं, ज्यांची मुळं बीड-धाराशिवकडची आहेत. त्यांना बिनफ्रेमचा प्रिंट नळीत गुंडाळून पाठवा, फ्रेम तिथे होईल. मोठ्या प्रिंटसोबत एक छोटा, बिनक्रमांकाचा, हजाराच्या आतला प्रिंट ठेवा. मॅग्नम या फोटोग्राफरांच्या संस्थेने ६ बाय ६ इंचाचे सही केलेले प्रिंट १०० डॉलरला, थोड्याच दिवसांच्या मुदतीत विकायला सुरुवात केली आणि फोटो विकत घ्यायची सवय नसलेले कितीतरी लोक त्यात आले. ठरावीक मुदत, ठरावीक आकार, जितक्या ऑर्डर तितकेच प्रिंट. ही रीत तुमच्या कामाला फिट्ट बसते, माल घरात पडून राहत नाही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची वाट बघत बसू नका, तिथली तारीख मिळायला वर्षं जातात.

कायद्याचं थोडक्यात. प्रताधिकार कायदा, १९५७प्रमाणे फोटोचा हक्क तुमचा, पण कुणी पैसे देऊन ते काम करवून घेतलं असेल तर वेगळा करार नसल्यास हक्क त्यांचा ठरतो. एखाद्या संस्थेने तुम्हाला मानधन देऊन फडात पाठवलं असेल तर ते फोटो विकण्याआधी त्यांचं पत्र घ्या. प्रिंट घेणारा कागदाचा मालक होतो, फोटो छापायचा हक्क त्याला मिळत नाही. हे पावतीवर असू द्या. प्रिंटची किंमत मोजणाऱ्याला आयकरातली ८०जीची सवलत मिळत नाही, ती देणगीला असते. परदेशातून कुणी थेट संस्थेला पैसे देऊ लागलं तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्याची परवानगी) आहे का, हे विचारा. बाकी जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा.

एक प्रसंग येण्याची शक्यता आहे, म्हणून सांगतो. एखादा साखर कारखाना म्हणेल, आमच्या अतिथिगृहासाठी तीस-चाळीस प्रिंट द्या, एकरकमी. रक्कम मोठी असेल, वसतिगृहाचं वर्ष निघेल. सालगादो आणि त्यांच्या पत्नी लेलिया यांनी १९९८ साली ब्राझीलमध्ये इन्स्टिट्यूटो टेरा स्थापन करून उजाड जमिनीवर जंगल उभं केलं, आणि त्यासाठी वाले या खाणकंपनीचाही पैसा घेतला. त्यावरून त्यांच्यावर बरीच टीका झाली. तुमच्या जागी मी असतो तर विकले असते, पण दोन अटींवर. कोणते फोटो, हे मी ठरवणार. आणि प्रत्येक फोटोखाली मी लिहिलेली ओळ तशीच राहणार: ठिकाण, हंगाम, टनामागचा दर, कोयता, म्हणजे तोडणारी नवरा-बायकोची जोडी, कुठल्या तालुक्यातून आला. बहुतेक वेळा बोलणी दुसऱ्या अटीवरच थांबतात.

वेळापत्रक हंगामाकडून उलटं आखा. मे-जूनमध्ये गावी जाऊन होकार आणि त्यांच्या पसंतीचे फोटो. जुलैत निवड, ऑगस्टमध्ये नमुने. ऑर्डर गणपतीनंतर पंधरा दिवस घ्या आणि तेव्हाच बंद करा. छपाई, पाठवणी आणि हिशोब दसऱ्याआधी उरकला तर वसतिगृहाचा किराणा टोळ्या निघायच्या आत भरता येतो. पहिल्या वर्षी सहाच फोटो ठेवा.